दिवस राहण्यापूर्वीच विचारायला हवा असा एक प्रश्न : प्रसूतिशास्त्राबाहेरील डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी कुटुंबाचे डॉक्टर, फिजिशियन, मधुमेहतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना उद्देशून लिहीत आहे. मी स्वतः प्रसूतिशास्त्रात काम करते. गरोदर स्त्री पहिल्या तपासणीसाठी आमच्यासमोर येऊन बसते, तेव्हा तिच्या आणि बाळाच्या प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या कितीतरी गोष्टी आधीच घडून गेलेल्या असतात. त्या घडत होत्या त्या काळात ती तुमच्याकडे येत-जात होती : कधी आकडीच्या गोळ्यांची चिठ्ठी नवी करून घेण्यासाठी, कधी चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी, कधी नुसता थकवा येतो म्हणून, तर कधी आधीच्या बाळाला लस टोचून घेण्यासाठी. माझे मागणे एकच आहे. प्रजननक्षम वयातली कोणतीही स्त्री कोणत्याही कारणाने तुमच्याकडे आली, तर वर्षातून एकदा तरी तिला विचारा : ‘पुढच्या वर्षभरात मूल होऊ देण्याची तुमची इच्छा आहे का?’ आणि तिच्या उत्तरानुसार पुढचे उपचार ठरवा.

हे काम आमचेच आहे, ते तुमच्यावर का टाकायचे, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर गर्भाच्या वाढीच्या वेळापत्रकात आहे. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळीच्या हिशेबाने हा सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात; अनियमित पाळी येणाऱ्या स्त्रीला तर तोपर्यंत शंकाही आलेली नसते. हृदय, हातपाय, डोळे, टाळू यांची मूळ घडण गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणात किमान आठ तपासण्या व्हाव्यात आणि त्यांतली पहिली १२ आठवड्यांच्या आत व्हावी, अशी शिफारस केली. ती तंतोतंत पाळणारी स्त्रीसुद्धा ११व्या आठवड्यात आमच्याकडे येऊ शकते, आणि तेव्हा न्यूरल ट्यूब मिटून महिना उलटून गेलेला असतो. त्या दिवशी आम्ही लिहून दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडचे (हे एक ब जीवनसत्त्व) इतर उपयोग आहेत; पण न्यूरल ट्यूब नीट न मिटल्याने होणाऱ्या ज्या व्यंगापासून बचावासाठी ते प्रामुख्याने द्यायचे, त्याला प्रतिबंध करण्याची वेळ निघून गेलेली असते.

फॉलिक अ‍ॅसिडबाबतचा पुरावा पक्का आहे आणि जुनाही आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांमध्ये केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. आधीच्या गर्भात न्यूरल ट्यूबचे व्यंग आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित मुदतीआधीच थांबवण्यात आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या सर्व स्त्रियांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे असे सुचवले, आणि १९९८पासून तिथे धान्यपिठांत ते मिसळणे सक्तीचे झाले. पिठात मिसळण्यापर्यंत जावे लागले, कारण नुसता सल्ला वेळेवर पोहोचत नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा अनपेक्षित असतात. ज्या स्त्रीने काही ठरवलेलेच नाही, ती गर्भधारणेपूर्वीच्या सल्ल्यासाठी आपण होऊन कोणाकडे जाईल? तिची गाठ पडते ती तुमच्याशीच. तेव्हा गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून, आणि शक्य तर तीन महिने आधीपासून ही साधी गोळी सुरू व्हावी, यासाठी तुमच्या लेखणीचा उपयोग व्हावा. आधीच्या गर्भात असे व्यंग झालेली, मधुमेह असलेली किंवा आकडीची औषधे घेणारी स्त्री असेल, तर ४०० मायक्रोग्रॅमवर न थांबता अधिक मात्रेची गरज आहे का, याचाही विचार करावा लागतो.

आता औषधांकडे वळते. हे पत्र लिहायला मी बसले ती मुख्यतः त्यांच्यासाठी. व्हॅल्प्रोएट हे आकडीवरचे प्रभावी औषध आहे. मनोविकारांत आणि अर्धशिशीतही ते दिले जाते. गरोदरपणात ते चालू राहिल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात मोठे व्यंग आढळते, आणि ३० ते ४० टक्के मुलांमध्ये पुढे बोलणे, शिकणे, लक्ष देणे अशा विकासाच्या अडचणी दिसतात. एरवी मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण शंभरात दोन-तीन असते, हे लक्षात घेतले की हा फरक किती मोठा आहे ते कळते. लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासिटाम यांसारखे तुलनेने सुरक्षित पर्याय अनेकींना लागू पडतात. परंतु औषध बदलायला, नव्या औषधाची मात्रा हळूहळू वाढवायला आणि आकडी आटोक्यात आहे याची खात्री करून घ्यायला काही महिने लागतात. ही उसंत फक्त गर्भधारणेपूर्वी असते. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून स्त्रीने स्वतःहून गोळ्या बंद केल्या तर आकडीचा झटका तिच्याच जिवावर बेतू शकतो, आणि तोवर बाळाच्या घडणीचा नाजूक काळ बहुधा निघून गेलेला असतो. मेंदूविकारतज्ज्ञांना आणखी एक विनंती करते : कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी औषधे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी घटते. ‘मी गोळ्या घेते’ असे स्त्रीने सांगितले म्हणून ती निर्धास्त आहे असे मानता येत नाही. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन लिहून देणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू होते.

त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन देताना गर्भनिरोधनाबद्दल बहुतेक वेळा बजावून सांगतात, याची मला जाणीव आहे. तरीही ते बंद केल्यावर एक महिना, आणि सोरायसिससाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅसिट्रेटिननंतर तब्बल तीन वर्षे गर्भधारणा टाळायची असते, हे स्त्रीला तोंडी सांगून भागत नाही. ते लिहून द्यायला हवे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर ते गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी थांबवून दुसरे औषध सुरू करावे लागते. रक्तदाबासाठी दिली जाणारी एसीई इनहिबिटर आणि ‘सार्टान’ गटातली औषधे बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन आधीच सुरू करता येते. तरुण स्त्रीचा रक्तदाब नव्यानेच वाढलेला आढळला, तर पहिली चिठ्ठी लिहितानाच हा विचार झालेला बरा.

मधुमेहाच्या बाबतीत तर गर्भधारणेपूर्वीच्या काही महिन्यांतल्या साखरेवरच पुष्कळ काही अवलंबून असते. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत आईची साखर जितकी जास्त, तितका बाळाच्या हृदयात व मज्जारज्जूत व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका जास्त. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणावे, आणि ते १० टक्क्यांच्या वर असेल तर खाली येईपर्यंत गर्भधारणा टाळण्याचा सल्ला ठामपणे द्यावा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही आधीच व्हायला हवी, कारण साखर झपाट्याने खाली आणल्यास पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो. हे सारे नीट बसवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मधुमेहतज्ज्ञाच्या हाती असतो, आमच्या नव्हे.

थायरॉइडचे काम त्या मानाने सोपे आहे. बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत त्याचा मेंदू आईच्या थायरॉइड संप्रेरकावर विसंबून असतो, आणि गर्भ राहताच आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. म्हणून थायरॉक्सिनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचे टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्ततपासणीतले प्रमाण) गर्भधारणेपूर्वी २.५च्या खाली ठेवावे. ‘तपासणीत दिवस गेल्याचे कळले की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्या आणि लगेच कळवा’, असे एक वाक्य आधीच तिच्या चिठ्ठीवर लिहून ठेवले, तर कितीतरी आठवडे वाचतात.

रक्तक्षयावर मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण त्याकडे इतक्या सर्रास दुर्लक्ष होते की तो स्त्रीच्या प्रकृतीचा भागच मानला जाऊ लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एका गरोदरपणाला एकूण जवळपास १००० मिलिग्रॅम लोह लागते, आणि दर महिन्याला पाळीतून लोह गमावणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या शरीरात तेवढा साठा कधी झालेलाच नसतो. हिमोग्लोबिन १२च्या खाली असलेली स्त्री गरोदर राहिली की रक्तातला द्रवभाग वाढल्यामुळे तो आकडा आणखी खाली येतो. मग प्रसूतीच्या वेळी थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तिचा जीव धोक्यात येतो. थकवा येतो म्हणून आलेल्या तरुण स्त्रीला टॉनिक लिहून देण्याआधी तिची पाळी किती दिवस चालते, किती जाते, हे विचारावे. तिची रक्ततपासणी करावी, लोह सुरू केल्यावर पुन्हा तपासावे, आणि हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही साठा भरण्यासाठी काही महिने लोह चालू ठेवावे. लोह देऊनही रक्तपेशी लहानच राहत असतील, तर लोहाची दुसरी बाटली देण्यापूर्वी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकत्वाची (स्वतःला आजार नसून तो मुलांकडे जाऊ शकतो का, याची) तपासणी व्हायला हवी. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गर्भधारणेपूर्वी कळले तर जोडप्यापुढे सगळे मार्ग खुले असतात आणि विचार करायला अवधीही असतो. चौथ्या महिन्यात कळले, तर आठवडे मोजत, भांबावलेल्या मनाने निर्णय घ्यावे लागतात. ते निर्णय घेणाऱ्या जोडप्यांसमोर बसणे हा माझ्या कामातला फार जड भाग आहे.

बाळाच्या व्यंगाचा धागा आईच्या आजारापर्यंत नेणारा माणूस प्रसूतितज्ज्ञच असला पाहिजे असे नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला (जर्मन गोवर) झाला होता, हे दाखवून दिले. आज त्यावर लस आहे, परंतु ती जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणात देता येत नाही आणि दिल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजे ही संधीसुद्धा तुमच्याकडेच आहे. हिपॅटायटिस बीची लस राहून गेली असेल तर तीही याच वेळी द्यावी. सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्याही तेव्हाच करून घेता येतात. सिफिलिसवर पेनिसिलिनने खात्रीशीर उपचार होतो, आणि वेळेवर केलेल्या साध्या रक्ततपासणीने बाळ वाचू शकते.

हृदयरोगतज्ज्ञांना वेगळे सांगायला नको की गरोदरपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, आणि एरवी मुकाट राहिलेली हृदयातल्या मायट्रल झडपेची अरुंदता याच काळात उघडी पडते. लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुली आता तरुण होत आहेत. ‘तू आता बरी आहेस’ असे सांगून त्यांना निरोप देण्याऐवजी आई होण्यात त्यांच्या जिवाला किती धोका आहे, हे मोकळेपणाने आणि आधीच सांगितले जावे. मनोविकारतज्ज्ञांना माझी विनंती अशी, की गरोदरपणाच्या भीतीने उपचार एकाएकी तोडले जाऊ नयेत. उपचार तुटल्यावर आजार उलटतो, आणि बायपोलर विकार (मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरचे दिवस फार धोक्याचे असतात. कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते बदलायचे, हे तिची प्रकृती स्थिर असताना तिच्याशी बोलून ठरवावे.

हा प्रश्न कसा विचारला जातो यालाही महत्त्व आहे. ज्या स्त्रीचे गर्भ वारंवार पडले आहेत, जी कित्येक वर्षे मुलासाठी झुरते आहे, जिला मूल नकोच आहे, किंवा जिचा जोडीदार तिचे काही चालू देत नाही, अशा प्रत्येकीला हा प्रश्न निराळा ऐकू येतो. म्हणून तो एकांतात विचारावा, सोबत आलेल्यांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगून. ‘मूल कधी?’ असे न विचारता ‘इच्छा आहे का?’ असे विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर ‘हो’ इतक्याच आदराने ऐकून घ्यावे. ज्या स्त्रीला मूल नको आहे तिला तिच्या आजाराला आणि औषधांना साजेसे, भरवशाचे गर्भनिरोधन मिळवून देणे हाही याच कामाचा भाग आहे. ‘अजून ठरले नाही’ म्हणणारीला सुरक्षित औषध आणि फॉलिक अ‍ॅसिड, दोन्ही द्यावे. घरात मारहाण होत असेल, तर ती सांगायला तिला जागाही अशाच एकांतात मिळते.

स्त्रीचे आरोग्य तिच्या गर्भाशयापुरते मोजले जावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. जिला कधीच मूल होणार नाही, तिचाही रक्तदाब, तिचे हिमोग्लोबिन, तिचे मन आणि तिची झोप तितकीच मोलाची आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे याचे ठळक उदाहरण आहे. तो बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात, एवढा मोठा अवधी आपल्या हाती असतो. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस, आणि तिशीपासून ठरावीक अंतराने एचपीव्हीची तपासणी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ही तपासणी गर्भधारणेपूर्वी झाली आणि काही दोष आढळला, तर उपचार सुटसुटीतपणे होतात. गरोदरपणात ते बहुधा पुढे ढकलावे लागतात.

बालरोगतज्ज्ञांना मी या पत्रात मुद्दाम सामील केले आहे. बाळ झाल्यावर आई स्वतःसाठी डॉक्टरकडे जाणे जवळपास सोडून देते, पण बाळाच्या लसीची तारीख चुकवत नाही. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी तिची साखर तपासली गेली पाहिजे. गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. या दोघींनाही बाळंतपण उरकले की सारे संपले असे वाटते. बाळाचे वजन झाल्यावर ‘तुमची साखर तपासली का, रक्तदाब पाहिला का?’ एवढे तुम्ही विचारलेत, तर ती साखळी तुटत नाही. पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे हेही तिला त्याच वेळी सांगता येईल, कारण दोन गरोदरपणांमध्ये शरीराला लोहाचा साठा भरून काढायला सवड हवी असते.

पुरुषांविषयीही दोन शब्द. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. त्यामुळे तंबाखू, दारू, आणि शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सोडायची असतील, तर वडिलांनीही ते आधीच करायला हवे. या इंजेक्शनांनी शुक्रजंतूंची निर्मिती जवळपास थांबते, हे ती घेणाऱ्या कित्येक तरुणांना ठाऊक नसते. जोडीदाराच्या सिगारेटचा धूरही गरोदर स्त्रीच्या आणि गर्भाच्या शरीरात जातोच. स्त्रीने स्वतः तंबाखू आणि दारू पूर्ण सोडावी, कारण गरोदरपणात दारूचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही.

तुमच्यापाशी वेळ किती थोडा असतो ते मी जाणते. बाहेर रुग्णांची रांग असते, आणि त्यात नव्या प्रश्नाची भर म्हणजे आणखी एक ओझे. म्हणून अख्खे समुपदेशन तुम्हीच करावे, असा माझा आग्रह नाही. केसपेपरवर रक्तगट आणि अ‍ॅलर्जी यांच्याशेजारी एक रकाना वाढवावा : गर्भधारणेची इच्छा, आणि विचारल्याची तारीख. उत्तर ‘हो’ असेल तर फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे, चालू असलेली औषधे एकदा नजरेखालून घालावीत, हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच आणि रक्तदाब तपासावा, लसींची विचारपूस करावी, आणि जिथे गुंतागुंत दिसेल तिथे तिला दिवस राहण्यापूर्वीच आमच्याकडे पाठवावे. चिठ्ठीत निदान, चालू औषधे व त्यांची मात्रा, ती केव्हापासून चालू आहेत आणि कोणते औषध बदलणे तुमच्या दृष्टीने शक्य आहे, एवढे जरूर लिहावे. शेवटची गोष्ट आम्हाला तुमच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. आमच्या बाजूने मी एवढे म्हणेन, की प्रसूतितज्ज्ञांनी अशा स्त्रीला ‘दिवस राहिले की या’ असे सांगून परत पाठवू नये, तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा, आणि प्रसूतीनंतर तिची सर्व माहिती तुमच्याकडे लेखी परत पाठवावी. माझ्या सहकाऱ्यांकडे मी हा आग्रह धरत आले आहे आणि पुढेही धरीन.

आपली विश्वासू,
एक प्रसूतितज्ज्ञ